गरम पाणी, पाइप आणि आपलं माप

 

प्लॅस्टिकपासून घरी काही बनवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाटलीची फुलं, चमच्यांचं झुंबर, पिशव्यांचं तोरण असल्या वस्तू येतात. त्या शोभेच्या. आज मी बोलणार आहे ते कामाच्या वस्तूंबद्दल. पाइपचा तुकडा, रिकामी बाटली, पातेलंभर उकळतं पाणी आणि एक करवत, एवढ्या सामानात स्वतःच्या मापाचं अवजार घरी कसं तयार करता येतं, ते आपण पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, मापं लिहून ठेवायला उपयोगी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात सगळं मिळतं, मग ही उठाठेव कशाला? मिळतं, पण एकाच मापाचं. खुरप्याची मूठ एकीला जाड होते, दुसरीला बारीक. फवारणी पंपाचे पट्टे पुरुषाच्या खांद्याच्या हिशेबानं केलेले असतात. नळाची गोल चकती धडधाकट माणसाला सहज फिरते, पण संधिवातानं बोटं वाकलेल्या सासूबाईंना तोच नळ सोडायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. आणि टोकणीचं तर काही विचारूच नका. दिवसभर कंबरेत वाकून एकेक बी मातीत टाकायचं आणि रात्री पाठीला तेल चोळत बसायचं. हे सगळं आपल्या नशिबाला आलंय असं धरून आपण चालतो. खरं तर यातल्या पुष्कळ दुखण्यांचं कारण एवढंच असतं की हातातली वस्तू आपल्या अंगाच्या मापाची नसते.

आधी प्लॅस्टिक ओळखा

सगळं प्लॅस्टिक सारखं नसतं. बाटलीच्या किंवा डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे त्या प्लॅस्टिकचं कूळ.

१ म्हणजे पेट. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या पारदर्शक बाटल्या याच्या असतात. २ म्हणजे एचडीपीई, यात रॉकेलचे-तेलाचे कॅन, शाम्पूच्या जाड बाटल्या आणि तुषार सिंचनाचे काळे पाइप येतात. ३ म्हणजे पीव्हीसी, आपले पाण्याचे आणि लाइट फिटिंगचे पाइप. ४ म्हणजे एलडीपीई, म्हणजे पातळ पिशव्या. ५ म्हणजे पीपी, यात डबे, दोऱ्या, खताची विणलेली पोती. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्याचा फुगवून थर्माकोल करतात. आणि ७ मध्ये बाकी सगळी मिसळ.

आकडा पुसला असेल तर घरात करता येईल अशी एक परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पेट आणि पीव्हीसी तळाशी जातात. एचडीपीई, एलडीपीई आणि पीपी वर येतात. पाण्याच्या बाटलीवरच हे करून बघा. बाटलीचा तुकडा बुडेल आणि तिच्या झाकणाचा तुकडा तरंगेल, कारण बाटली एका कुळाची आणि झाकण दुसऱ्या.

ही ओळख महत्त्वाची आहे. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि पेटही त्याच सुमारास आकसायला लागतं. पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे हे दोन्ही प्रकार उकळत्या पाण्यानं आपल्या हातात येतात. एचडीपीई मात्र १३० अंशांच्या पुढे आणि पीपी १६० च्या आसपास वितळतं. त्यामुळे बादली किंवा डबा उकळत्या पाण्यात कितीही वेळ ठेवलात तरी त्याला हवा तसा आकार देता येत नाही. मग काही जण त्याला चुलीवर धरतात, आणि तिथेच घात होतो.

विस्तव नको, पाणीच हवं

हा नियम मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. पीव्हीसी कधीही विस्तवावर, स्टोव्हवर, गॅसच्या ज्योतीवर किंवा मेणबत्तीवर धरायचं नाही. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. ते करपलं किंवा जळलं की हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू सुटतो. नाकाला झोंबतो, डोळ्यांची आग होते, छाती भरून येते. ओल्या जागी, म्हणजे आपल्या डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसात तो गेला की त्याचं आम्ल होतं. शिवाय जळणाऱ्या पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं असतात. चुलीपाशी लेकरू बसलेलं असेल तर त्याच्या पोटातही तेच जाणार.

पाण्याचं तसं नाही. पाणी कितीही उकळवलं तरी उघड्या भांड्यात १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून पाइप करपण्याची भीती नाही. या कामात आपल्याला जपायचं आहे ते गरम पाण्यापासून.

त्यासाठी एवढं करा. जुनं पातेलं किंवा पत्र्याचा डबा या कामासाठी वेगळा काढा, पुन्हा त्यात स्वयंपाक करायचा नाही. काम अंगणात करा आणि मुलांना लांब ठेवा. पाइप बाहेर काढायला सांडशी घ्या आणि हातात जाड कापड गुंडाळा. पाइप उभा करून काढताना आतलं गरम पाणी हातावर सांडतं, म्हणून आधी तो पातेल्यावरच आडवा करून पाणी निथळू द्या. चटका बसलाच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठा.

कापलेले तुकडे आणि भुसा जळणात टाकायचा नाही. गोणीत साठवा आणि भंगारवाल्याला द्या. आणखी एक गोष्ट, कीटकनाशकाचे आणि तणनाशकाचे रिकामे डबे या कामाला अजिबात घेऊ नका. कितीही धुतले तरी नाही.

पाइप मऊ होतो म्हणजे काय होतं?

शंकरपाळ्याचं पीठ थंडीत कडक होतं आणि हातात मळलं की सैल पडतं, तसं काहीसं. प्लॅस्टिकचे लांबलांब धागे एकमेकांत गुंतलेले असतात. गार असताना ते जागच्या जागी घट्ट असतात. ऊब मिळाली की हलायला मोकळे होतात. त्या वेळी पाइप वाकवला, दाबला, फुगवला आणि तसाच धरून गार केला की धागे नव्या जागी पक्के होतात आणि वस्तू त्या आकारात राहते.

या पाइपचा आणखी एक गुण आहे. तो आपला मूळ आकार विसरत नाही. वाकवलेला तुकडा पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला की तो पहिल्या आकाराकडे परत यायला बघतो. म्हणजे वाकवताना बिघडलं तरी माल वाया जात नाही, पुन्हा पाण्यात टाका आणि नव्यानं करा. पण याच गुणामुळे तयार वस्तू गरम पाण्यात धुवायची नाही आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवायची नाही, हेही लक्षात ठेवा.

दुकानात पाइप मागताना "लाइट फिटिंगचा पीव्हीसी पाइप" असं सांगा. तो पातळ असतो, पटकन मऊ होतो. "सीपीव्हीसी" लिहिलेला पिवळसर पाइप घेऊ नका. तो गिझरच्या गरम पाण्यासाठीच केलेला असतो, त्यामुळे उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

ही युक्ती आपण काही नव्यानं काढलेली नाही. पाइप गरम करून माणसाच्या मापाला बसवण्याचं एक मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी अपघातात पाय गेलेल्या लोकांसाठी रबराचं पाऊल तयार केलं. तोच आपला जयपूर फूट. परदेशी पद्धतीच्या पायात बूट घालावा लागे आणि मांडी घालून बसता येत नसे. आपला माणूस जमिनीवर बसतो, उकिडवा बसतो, अनवाणी शेतात जातो. त्याच्या सवयीला जमेल असा हा पाय होता. पुढे पावलाच्या वरच्या भागासाठी एचडीपीईचा पाइप वापरायला लागले. माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घेतात, पाइप भट्टीत तापवून मऊ करतात आणि त्या साच्यावर चढवून घट्ट बसवतात. गार झाला की त्या एका माणसाच्या मापाचा पाय तयार. पाइप तोच, पण प्रत्येकाचं माप वेगळं. आपण आज हेच लहान प्रमाणावर आणि गरम पाण्यानं करणार आहोत.

पहिली वस्तू : टोकण नळी

उभ्यानं बी टाकण्यासाठी ही नळी. साहित्य असं : २५ मिलिमीटरचा लाइट फिटिंगचा पाइप, पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली, बांबूची टोकदार काठी, सुतळी, लोखंड कापायची करवत, पॉलिश पेपर आणि बाटलीच्या गळ्याएवढी जाड लाकडी खुंटी. खुंटीचं टोक थोडं निमुळतं करून घ्या.

पहिलं काम मापाचं. पायात काही न घालता सरळ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा. कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडा आणि गाठ मारा. ही झाली तुमच्या नळीची लांबी. पाच फूट उंचीच्या बाईला ती साधारण सव्वातीन फूट भरते. दुसरीचं माप घेऊन स्वतःची नळी कापू नका, दोन-तीन इंचांचा फरकही दिवसभरात खांद्याला जाणवतो. दहा फुटी पाइपात अशा तीन नळ्या बसतात.

दुसरं, पाइप कापा. करवत चालवताना कापायच्या जागी पाण्याचे थेंब सोडत राहा, म्हणजे भुसा उडून नाकात जाणार नाही. कापलेली कड पॉलिश पेपरनं आतून-बाहेरून घासा. आत कुसळ राहिलं तर बी तिथेच अडकतं.

तिसरं, वरचं तोंड रुंद करा. पाइपचं टोक दोन इंच उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. चिमट्यानं दाबून पाहा, दबला की तयार झाला. लगेच बाहेर काढून पाणी निथळा आणि खुंटी फिरवत फिरवत आत सरकवा. एका दमात होणार नाही. पाइप कडक झाला की पुन्हा पाण्यात धरा आणि पुन्हा सरकवा. जोर लावून ठोकलंत तर चिरेल. पुरेसं रुंद झालं की खुंटीसकट गार पाण्यात बुडवा आणि मग खुंटी काढा.

चौथं, बाटली तोंडापासून चार बोटं अंतरावर कापा. वरचा भाग उलटा केला की झालं नरसाळं. त्याचा गळा पाइपच्या रुंद तोंडात बसवा. पाइप पूर्ण गार झाल्यावरच बसवा, गरम असताना बसवला तर बाटलीचा गळा आकसतो. नरसाळ्याची वरची कड दुमडून त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर हाताला कापते.

पाचवं, बांबूची काठी नळीला तीन ठिकाणी सुतळीनं आवळून बांधा. काठीचं टोक नळीच्या खालच्या तोंडापेक्षा खाली राहिलं पाहिजे. किती खाली, तर बी जेवढं खोल टाकायचं तेवढंच. सोयाबीनला तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं. टोक जास्त सोडलं तर बी खोल जाईल आणि उगवण कमी होईल.

वापरायची रीत सोपी आहे. एका हातात नळी, कमरेला बियांची ओटी. टोक मातीत रोवा, काढा, नळीचं तोंड त्या भोकावर आणा, दुसऱ्या हातानं नरसाळ्यात बी सोडा आणि पायानं माती लोटा. सुरुवातीला हात अडखळतो. अर्ध्या सरीनंतर लय सापडते. दोन बियांमधलं अंतर चुकू नये म्हणून हव्या त्या अंतरावर गाठी मारलेली दोरी सरीतून ताणून ठेवा. नळीचं तोंड मातीत खुपसू नका, ओल्या मातीनं ते बुजतं. बुजलंच तर बारीक काठी घालून मोकळं करा.

बियाण्याला औषध लावलेलं असेल तर हातमोजे घाला आणि ती नळी दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका.

दुसरी वस्तू : नळाचा दांडा आणि जाड मूठ

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही वस्तू करून बघा. नळाची चकती फिरवायला बोटांत जोर लागतो. त्याच चकतीला लांब दांडा लावला की जोर बोटांऐवजी पंजानं लावता येतो. जात्याचा खुंटा मध्यापासून लांब असतो म्हणून जातं हलकं फिरतं, तेच हे.

नळाच्या चकतीपेक्षा किंचित मोठ्या तोंडाचा पाइप घ्या, लांबी एक वीत. एक टोक उकळत्या पाण्यात मऊ करा, नळावर चढवा आणि जाड फडक्यानं चारी बाजूंनी दाबून धरा. नळाच्या सगळ्या खाचा-उंचवटे पाइपवर उमटतात. वरून गार पाणी ओता. पाइपनं त्या नळाचाच ठसा घेतला, म्हणजे आता तो घसरणार नाही. दुसरं टोक मऊ करून काटकोनात वाकवा, तो झाला हात धरायचा दांडा. वाकवताना पाइप चिमटू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरा आणि दोन्ही तोंडं चिंधीनं बंद करा. वाळू भरल्यावर पाइप तापायला जास्त वेळ लागतो, घाई करू नका.

याच पद्धतीनं खुरप्याच्या, विळ्याच्या, झाऱ्याच्या किंवा चमच्याच्या बारीक दांड्यावर जाड मूठ बसवता येते. पाइपचा चार बोटं तुकडा उभा चिरा, गरम पाण्यात मऊ करा, दांड्यावर गुंडाळा आणि जिला वापरायचं आहे तिच्या मुठीचं माप बघून आवळा. आधी आत कापडाची पट्टी गुंडाळली की पकड आणखी चांगली बसते. हा पाइप फक्त हाताला लागेल असा बसवा. अन्नाला किंवा गरम भांड्याला तो लागू द्यायचा नाही.

तिसरी वस्तू : पाइपची पाटी

पाइप सपाटही करता येतो. चार इंची जुन्या पाइपचा एक वीत तुकडा उभा चिरा. उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, सांडशीनं उघडा आणि दोन पाटांमध्ये दाबून वर वरवंटा किंवा दगड ठेवा. गार झाला की फूटभराहून थोडी रुंद पाटी मिळते. परसबागेतल्या वाफ्यांची नावं, गटाच्या दुकानाचे दरफलक, अंगणवाडीसाठी आकड्यांची आणि अक्षरांची कार्डं, सगळं यातून होतं. पावसात भिजत नाही, वाळवी लागत नाही. मात्र पीव्हीसी वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर ठिसूळ होतं, म्हणून बाहेर ठेवायच्या पाटीला रंग द्या.

आधी नमुना, मग वस्तू

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको. कापडाला कात्री लावण्याआधी आपण कागदाचं कटिंग करतो. इथेही तसंच. पाइप कापण्याआधी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची गुंडाळी करून तीच वस्तू बनवा. हातात धरा, वापरल्यासारखं करा. लांब वाटते? कापा. टोचते? वाकवा. पुठ्ठा फुकट असतो, पाइपला पैसे पडतात.

नमुने करून शिकणं ही मोठी विद्या आहे. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती शिकवली आणि टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच कलंडतो, हे मूल हातानं करून बघतं आणि कायमचं लक्षात ठेवतं. आपल्यालाही त्याचा उपयोग आहे. पाइपची घडवंची किंवा रोपांचं शेल्फ डुगडुगत असेल तर मध्ये एक तिरपा तुकडा बसवा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि डुगडुग थांबते.

हातानं जमत नाही तेव्हा

काही वस्तू गरम पाण्यानं होत नाहीत. मिक्सरचं तुटलेलं बटण, शिलाई मशीनची दात झिजलेली चकती किंवा सोऱ्याची नव्या नक्षीची जाळी, अशांसाठी आता थ्रीडी प्रिंटर नावाचं यंत्र निघालं आहे. नाव मोठं आहे, पण काम आपल्या ओळखीचं. मेंदीचा कोन आठवा. कोनातून बारीक धार सोडत आपण नक्षी काढतो. हे यंत्र प्लॅस्टिकची तार साधारण २०० अंशांना वितळवून तशीच बारीक धार सोडतं, थरावर थर चढवत जातं आणि वस्तू तळापासून वर उभी राहते. आकार आधी संगणकावर काढलेला असतो. पुष्कळदा यात पीएलए नावाचं प्लॅस्टिक वापरतात, ते मका किंवा उसासारख्या पिकांपासून तयार करतात. पण तेही उष्णता फारशी सोसत नाही, म्हणून चुलीजवळच्या वस्तूंना चालत नाही.

हे सगळं शहरातच असतं असं समजू नका. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायची शाळाच म्हणा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं जगभर फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू घडवता येतील अशा कार्यशाळा, उभ्या करायला सुरुवात केली. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ साली याच पाबळला झाली. शिवाय केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत अनेक शाळांना थ्रीडी प्रिंटर मिळाले आहेत. तुमच्या पंचक्रोशीतल्या हायस्कूलमध्ये अशी लॅब आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. तुटलेला भाग पिशवीत घालून सोबत न्या. शिक्षकांना आणि मुलांनाही खरीखुरी अडचण सोडवायला मिळेल.

गटानं हे काम घ्यायचं असेल तर

पहिली गोष्ट, मापांची वही ठेवा. जिच्यासाठी वस्तू करायची तिची उंची, कोपराची उंची, मुठीचा घेर, कोणता हात चालतो आणि कुठे दुखतं, हे एका पानावर लिहा. बाजारातल्या कारखान्याकडे हीच वही नसते. तुमच्याकडे असेल तर गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल.

दुसरी गोष्ट, हिशेब. आपण आपली मजुरी धरतच नाही आणि मग धंदा तोट्यात का गेला ते कळत नाही. समजण्यासाठी काही आकडे धरू. समजा एका नळीला साहित्य ४५ रुपयांचं लागलं. जळण आणि करवतीच्या पात्याची झीज १० रुपये. एक तास काम, त्याची मजुरी ५० रुपये. दहा नळ्यांत एखादी चिरते, तिची भरपाई म्हणून १० रुपये. हे झाले ११५. त्यात गटाच्या निधीचे १० घाला, म्हणजे विक्री १२५ ला. तुमच्या गावचे भाव टाकून हाच हिशेब मांडा. यापेक्षा कमी किमतीला देत असाल तर तुम्ही तुमचीच मजुरी फुकट देत आहात.

तिसरी गोष्ट, एकदम पन्नास बनवू नका. आधी तीन बनवा आणि वेगवेगळ्या उंचीच्या तिघींना आठवडाभर वापरायला द्या. त्या काय सांगतात ते वहीत लिहा, आणि मगच पुढच्या करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोल्युशन लावून पाइप जोडले तर चालतील का? चालतील. पण ते सोल्युशन पेट घेतं आणि त्याच्या वासानं डोकं गरगरतं. चूल, उदबत्ती, विडी जवळ नको. उघड्यावर लावा आणि डबीचं झाकण लगेच बंद करा.

पाइपच्या उरलेल्या तुकड्यांतून मुलांसाठी पेले, वाट्या करता येतील का? नाही. खाण्यापिण्याच्या वस्तू या कामातून करायच्या नाहीत.

मला यंत्राची भीती वाटते, मला जमेल का? यात यंत्र नाहीच. ज्या बाईला पुरणपोळीचा कणकेचा उंडा किती सैल हवा ते बोटानं दाबून कळतं, तिला पाइप किती मऊ झाला हेही बोटानंच कळेल, फक्त इथे बोटाऐवजी चिमटा वापरायचा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक सुतळी घेऊन या. शेजारच्या मैत्रिणीच्या कोपराचं माप घ्या, गाठ मारा आणि वहीत लिहा. आपण घरच्यांच्या सदऱ्याची, मुलांच्या गणवेशाची, दाराच्या पडद्याची मापं आयुष्यभर घेतो. आपल्या स्वतःच्या हाताचं आणि पाठीचं माप मात्र आजवर कुणी घेतलेलं नसतं. ते आपणच घ्यायचं आहे. आणि जाता जाता पुन्हा एकदा सांगते, पीव्हीसीला विस्तव दाखवायचा नाही, गरम पाणीच.

तुम्ही काय बनवलंत आणि ते कसं चाललं, ते कार्यक्रमाला जरूर कळवा.